मारुती ८०० चा पांढरा पडलेला डॅशबोर्ड घरीच रंगवता येईल का?

सोलापूरची_८००

नमस्कार मंडळी,

वडिलांची मारुती ८०० आहे, २००९ची, एसीवाली. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन तिचं पासिंग करून घेतलं, आरसी पुढे पाच वर्षांसाठी वाढली. म्हणजे गाडी राहणार आहे, विकायची नाही. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, सीटकव्हरं नवीन घातली. राहिला फक्त डॅशबोर्ड.

आमच्याकडे गाडी उघड्यावर उभी असते. मूळचा करडा डॅशबोर्ड काचेच्या बाजूला आता पांढराफटक झालाय. बोट फिरवलं की पांढरी पूड लागते. ओलं फडकं फिरवलं की रंग झकास परत येतो, वाळलं की पुन्हा होतं तसंच. पेट्रोल पंपावर मिळतं ते चमकवायचं पॉलिश वर्षानुवर्षं मारतोय. दोन दिवस चकचकीत राहतो, मग त्यावर धूळ चिकटून आणखी घाण दिसतो.

इथे सात रस्त्याजवळ एका ॲक्सेसरीजवाल्याला विचारलं, तो म्हणाला रेक्झिन चढवून देतो. ओळखीच्या पेंटरने सांगितलं, काही काढायची गरज नाही, काचेला पेपर लावून गाडीतच गनने ड्युको (पत्र्याला मारतात तो रंग) मारतो, अर्ध्या दिवसाचं काम. चुलतभाऊ म्हणतो स्प्रेचे डबे आण, आपण दोघं करू. मला स्वतःच्या हाताने करायला आवडेल. वडिलांना क्रीम किंवा बेज रंग हवाय, हल्लीच्या गाड्यांत असतो तसा.

तर विचारायचं असं, की हे घरी होण्यासारखं आहे का? डॅशबोर्ड बाहेर काढावाच लागतो का? आणि मुख्य म्हणजे आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात (४३-४४ अंश नेहमीचेच) हा रंग टिकेल की पापुद्रे निघतील? आतला रंग बदलला तर आरटीओत काही नोंद करावी लागते का?

नानापेठ_फेरी

दादा, आधी सोपं ते सांगतो. आरसीवर नोंद असते ती बाहेरच्या रंगाची. आतल्या प्लास्टिकचा रंग कुठेच लिहिलेला नसतो, त्यामुळे ती काळजी सोडा.

रेक्झिन मी माझ्या जुन्या गाडीत करून घेतलं होतं. करणारा कारागीर चांगला होता, कोपरे सुंदर बसवले होते. पण काचेखालचा जो आतल्या बाजूला वळणारा भाग असतो, तिथला गोंद पहिल्याच उन्हाळ्यात सैल पडला आणि तिथे फुगा आला. एकदा फुगा आला की तो दाबून बसत नाही, हवा शेजारी सरकते. तुमच्या गावच्या उन्हात रेक्झिनच्या भानगडीत पडू नका असं माझं मत.

दुसरा मार्ग अख्खा डॅशबोर्डच बदलण्याचा. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण देशात या गाड्या २५ लाखांहून जास्त विकल्या गेल्यात. त्यामुळे भंगारात गेलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड अजून मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा. घेताना तीन गोष्टी बघा: स्क्रू बसतात ते कान तुटलेले नाहीत ना, एसीचा आहे की बिनएसीचा, आणि म्युझिक सिस्टिमसाठी कुणी करवतीने भोक मोठं केलेलं नाही ना. शेवटचा प्रकार फार दिसतो. अर्थात तो डॅशबोर्डही तुमच्याइतकाच म्हातारा आणि तेवढंच ऊन खाल्लेला असणार. रंगवायचा तर तोही रंगवावाच लागेल. फायदा एवढाच, की गाडी चालू ठेवून दुसरा डॅशबोर्ड निवांत घरात रंगवता येतो.

पेंटशॉप_चाकण

दादा, घरी होतं. चांगलं होतं आणि टिकतंही. पण त्या पेंटरला गाडीतच गन मारू देऊ नका, एवढं आधी सांगते. मी चाकणला प्लास्टिक पेंटिंगच्या लाइनवर बरीच वर्षं काम केलंय, बंपर आणि आतले भाग दोन्ही. त्यामुळे जरा लांबण लागेल, पण हे काम अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा तुमचा डॅशबोर्ड कशाचा आहे ते बघा. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण किंवा एखादं पॅनल काढून त्याची पाठ टॉर्च मारून बघा. दोन उलटसुलट बाणांच्या मध्ये बारीक उठावाची अक्षरं असतात. पीपी असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्यापुढे टी आणि २० असं काही असेल तर त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड मिसळलेली आहे. एबीएस हे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक, ते असेल तर तसं लिहिलेलं असतं. एकाच डॅशबोर्डवर मोठा सांगाडा पीपीचा आणि छोट्या पट्ट्या एबीएसच्या असं सर्रास असतं, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा बघा. प्लास्टिकचा कपचा पाण्यात टाकून तरंगतो का ते बघा, असं कुणी सांगेल. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं, हे खरं आहे. पण २० टक्के टाल्कवालं पीपीही बुडतं, आणि मग माणूस त्याला एबीएस समजून चुकीचा प्रायमर आणतो. अक्षरांवरच विश्वास ठेवा.

एवढा खटाटोप अशासाठी, की पीपीला काहीच चिकटत नाही. त्याच्यावर पाण्याचा थेंब टाका, पसरणार नाही, मण्यासारखा उभा राहील. रंगाचंही तेच होतं. रंग पृष्ठभागावर पसरून त्याला धरायला पृष्ठभागाची जी ताकद लागते, ती आम्ही डाइनमध्ये मोजतो. कच्च्या पीपीला ती ३० च्या आसपास असते, रंग नीट बसायला ४० च्या जवळ लागते. कारखान्यात म्हणून भाग आधी धुतात, मग रोबो त्याच्यावरून गॅसची ज्योत झरकन फिरवतो, मग क्लोरिनेटेड पॉलिओलेफिनचा, म्हणजे पीपीला धरून राहणारा प्रायमर, मग रंग, आणि मग ८० अंशांच्या भट्टीत भाजणं. तुमचा पेंटर यातलं काहीही न करता ड्युको मारणार. दिवाळीला तो सुरेख दिसेल. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंशांच्या पुढे सहज जातो. प्लास्टिक फुगतं, वरचा कडक थर तेवढा फुगत नाही, आणि नखाने उचलला की पोळीचा पापुद्रा निघावा तसा निघतो.

ज्योतीचं वाचून कुणी घरी गॅसचा टॉर्च किंवा हीट गन हातात घेऊ नका. इंटरनेटवर हीट गनने पांढरा डॅशबोर्ड पुन्हा काळा करून दाखवणारे व्हिडिओ आहेत. होतो काळा, काही महिन्यांपुरता. पण पीपी १६० अंशांच्या वर वितळतं आणि हीट गनची हवा त्याच्या कितीतरी पुढची असते. एका जागी क्षणभर जास्त थांबलं की चामड्यासारखी नक्षी पुसून तिथे गुळगुळीत चकाकणारा डाग पडतो, आणि तो कुठल्याही रंगाखाली झाकत नाही.

आता पॉलिशचं. दादा, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोठी अडचण ऊन नव्हे, हे पॉलिश आहे. त्या चमकवणाऱ्या पॉलिशमध्ये बहुतेक वेळा सिलिकॉन तेल असतं. ते नक्षीच्या प्रत्येक खाचेत बसलेलं असतं आणि त्याच्यावर रंग पडला की रंग तिथून बाजूला सरतो. वाटाण्याएवढे गोल खड्डे पडतात, मधोमध उघडं प्लास्टिक दिसतं. आम्ही त्याला फिश आय म्हणतो. लाइनवर कुणी हाताला सिलिकॉनवालं क्रीम लावून आलं तर त्याला आत येऊ देत नाहीत, इतकी याची धास्ती असते. तुमचा वेळ जाणार तो इथे. रंगाला एक सकाळ पुरते, धुण्याला दोन-तीन दिवस ठेवा.

बाहेर काढलेला डॅशबोर्ड अंगणात घ्या. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, कपड्याचा मऊ ब्रश. गोल गोल घासा, प्रत्येक खाचेत फेस जाऊ दे, भरपूर पाण्याने धुवा, पुन्हा तेच. पांढरी पूड इथेच निघून जाईल. ती म्हणजे उन्हाने मेलेल्या प्लास्टिकचा थर आणि त्यातून उघडा पडलेला टाल्क. तो न काढता रंगवलं तर रंग डॅशबोर्डला न चिकटता त्या पुडीला चिकटतो. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि दोन फडकी: एक ओलं, एक कोरडं. ओल्याने पुसायचं आणि ते आपोआप वाळायच्या आत कोरड्याने उचलायचं. आपोआप वाळू दिलं तर तेल जागचं हलत नाही, नुसतं पसरतं. फडक्याची बाजू सारखी बदला. सुती जुनं धोतर किंवा साडी उत्तम, फक्त धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरलेला नको. थिनरने पुसू नका, एबीएसच्या पट्ट्या त्याने मऊ पडतात. स्पीडोमीटरच्या पारदर्शक झाकणाला तर अल्कोहोलसुद्धा लावायचं नाही, त्यात बारीक चिरा धरतात. ते नुसतं साबणाच्या पाण्याने.

मग घासणी. सँडपेपर नको. सँडपेपर नक्षीची टोकं कापतो आणि खाचा तशाच ठेवतो. ऑटो पेंटच्या दुकानात करड्या रंगाचा स्कॉच-ब्राइट पॅड मिळतो (स्वयंपाकघरातला हिरवा फार खरबरीत असतो), तो हलक्या हाताने सगळीकडे फिरवा. चमक गेली, नक्षी शाबूत, की पुरे. पुन्हा अल्कोहोल.

त्यानंतर ॲड्हिजन प्रमोटर, म्हणजे रंग प्लास्टिकला धरून राहावा म्हणून आधी मारायचा प्रायमर. दुकानात नुसतं ‘प्लास्टिक प्रायमर’ मागितलं तर हातात काहीही पडू शकतं, त्यातले काही फक्त एबीएसला चालतात. डब्यावर पीपी किंवा टीपीओ (पीपीत रबर मिसळलेलं प्लास्टिक) लिहिलंय का ते स्वतः वाचा. हा पाण्यासारखा पारदर्शक असतो, एक पातळ हात पुरतो, जाड मारला की त्याचा उपयोग कमी होतो. आणि त्याच्यावर किती मिनिटांत रंग गेला पाहिजे ते डब्यावर लिहिलेलं असतं. ती वेळ पाळा. चहा घेऊन येतो म्हणून मध्येच उठायचं नाही.

रंग स्प्रेच्या डब्यातला घ्या, प्लास्टिक आणि व्हिनाइलसाठीचा, मॅट. टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग जास्त टिकाऊ असतो, मी नाकारत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. लाइनवर आम्हाला बाहेरून हवा पुरवणारे मास्क असत. श्वासातून एकदा त्याची ॲलर्जी बसली की जन्मभराचा दमा मागे लागू शकतो. घराच्या अंगणात, लहान मुलं आसपास असताना, साध्या कापडी मास्कवर तो कुणीही मारू नये. स्प्रेच्या डब्यालाही मोकळी हवा आणि कार्बन फिल्टरचा मास्क हवाच.

पहिला हात म्हणजे नुसतं धुकं, खालचं प्लास्टिक दिसलं पाहिजे. खड्डे पडतायत का बघा. पडले तर थांबा, पुसून पुन्हा धुवा, वर रंग ओतून ते भरत नाहीत. नाही पडले तर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन-चार पातळ हात. डबा वीतभर अंतरावर, हात सरळ रेषेत, आणि बटण भागाच्या बाहेर दाबायचं, बाहेरच सोडायचं. एका हातात झाकायचा मोह झाला की रंग खाचांत साचतो आणि चामड्याची नक्षी भरून जाते.

दिवस कुठला निवडायचा, हे तुमच्या सोलापुरात महत्त्वाचं आहे. एप्रिलमध्ये मारू नका, रंग हवेतच वाळतो आणि डॅशबोर्डवर वाळूसारखा पडतो. पावसाळ्यातही नको, दमट हवेत तो पांढुरका पडतो. थंडीत, दव उतरल्यावर सकाळी नऊ-दहाचा सुमार सगळ्यात चांगला. संध्याकाळी दिवा लावून काम केलं की चिलटं येऊन ओल्या रंगात बसतात.

आता वडिलांच्या आवडीचा विषय. बेज रंग खालच्या भागाला खुशाल द्या. वरच्या, काचेखालच्या भागाला मात्र नको, हे मी फार मनापासून सांगते. खात्री करायची असेल तर भर दुपारी वरच्या बाजूला वर्तमानपत्र पसरून गाडीत बसा आणि समोर बघा. काचेत ते वर्तमानपत्र दिसेल आणि त्याच्या मागचा रस्ता दिसणार नाही. बेज डॅशबोर्डने हेच रोज होईल, आणि संध्याकाळी पुण्याकडे निघालात की सूर्य समोरून असतो, तेव्हा समोरचा सायकलवाला त्या पांढुरक्या पडद्यामागे जाईल. वरचा भाग गडद करडा किंवा काळा, आणि पूर्ण मॅट. गडद रंग जास्त तापतो हे खरं, पण त्यासाठी काचेला आतून सनशेड लावता येते. काचेतल्या प्रतिबिंबाला तसा काही उपाय नाही. वरती गडद आणि खाली बेज हे जोडकामही छान दिसतं, वडिलांना आवडेल.

काढण्याबद्दल: हो, काढाच. गाडीतच फवारलं तर कडा उघड्या राहतात, आणि रंगाची पापडी नेहमी कडेपासूनच सुटते. शिवाय एसीच्या पाकळ्यांच्या खिळी रंगाने जाम होतात. ८०० मध्ये एअरबॅग नाही, त्यामुळे काम त्या मानाने निर्धोक. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. प्रत्येक कनेक्टरचा फोटो, आणि दोन्ही टोकांना मास्किंग टेपवर एकच आकडा. स्क्रू इडलीपात्राच्या साच्यांत क्रमाने ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी घातला की प्लास्टिक फुटतं. स्पीडोमीटरची केबल मागून सोडवावी लागेल, ओढू नका. एसीच्या कंट्रोलच्या केबल कुठल्या खाचेत अडकवल्यात ते बघून ठेवा. कूलिंग युनिटला आणि गॅसच्या पाइपला अजिबात हात लावायचा नाही. इतक्या जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा ठिसूळ असतात, म्हणून थंडीतल्या पहाटे उचकटू नका, डॅशबोर्ड थोडा उन्हाने कोमट झाला की त्या लवचीक होतात.

सगळ्यात आधी मात्र ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रयोग करा. अर्ध्या भागाला प्रमोटर, अर्ध्याला नाही, वर रंग. आठवडा जाऊ द्या. मग नव्या ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा पार प्लास्टिकपर्यंत मारा, पंचवीस चौकोन होतील. वर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. किती चौकोन पट्टीवर आले ते मोजा. लाइनवर हीच चाचणी घेऊनच आम्ही माल पुढे सोडायचो.

रत्नागिरी_बंदर

ताई, फार उपयोगी लिहिलंत. माझं दुखणं वेगळं आहे. माझ्या गाडीचा डॅशबोर्ड पांढरा नाही, चिकट झालाय. मधल्या पॅनलला रबरासारखा मऊ हात लागायचा, आता हात लावला की बोटांना काळं लागतं आणि पावसाळ्यात तर फडकं चिकटून बसतं. यावर प्रमोटर मारून रंग देता येईल का?

पेंटशॉप_चाकण

नाही दादा, त्याच्यावर काहीही मारू नका. तो मऊ हात म्हणजे प्लास्टिकवर दिलेला पॉलियुरेथेनचा लेप असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याची साखळी वर्षानुवर्षं तुटत जाते आणि तो विरघळल्यासारखा होतो. कोकणाच्या हवेत हे घाटावरच्यापेक्षा लवकर होतं. कुजलेल्या थरावर रंग दिला तर रंगासकट सगळं सरकेल.

तो लेप पूर्ण काढायचा. पॅनल बाहेर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं फडकं त्यावर काही मिनिटं पसरून ठेवा, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. जुनं एटीएम कार्ड चालतं. काळा चिखल निघेल, हातमोजे घाला. हे काम कंटाळवाणं आहे, पण खाली बहुतेक वेळा चांगलं कडक काळं प्लास्टिक निघतं आणि मग रंग द्यायची गरजच राहत नाही. बटणांवरची चिन्हं मात्र त्याच लेपाच्या वर किंवा लेपातच कोरलेली असतात, ती अल्कोहोलने जातील. बटणांना हात लावण्याआधी विचार करा.

नाशिक_हॅचबॅक

माझी गाडी २०२२ची आहे, डॅशबोर्ड काळा-करडा. मलाही खालचा भाग बेज करावासा वाटतोय, वर जमलं तर चामड्याचं कव्हर शिवून घ्यायचं. सगळी कृती तीच ना?

पेंटशॉप_चाकण

नाही. आणि हे इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

१ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसमोर एअरबॅग सक्तीची झाली. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना शेजारच्या सीटसमोरही, आणि ३१ डिसेंबर २०२१ पासून जुन्या मॉडेलनाही. म्हणजे तुमच्या २०२२च्या गाडीत डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या पोटात एअरबॅग आहे. तिचं झाकण कधी वेगळं दिसतं, कधी दिसतही नाही. न दिसणारं असतं तेव्हा प्लास्टिक आतल्या बाजूने एका रेषेत मुद्दाम बारीक केलेलं असतं, म्हणजे बॅग फुगताना ते त्याच रेषेवर फाटावं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत घडतं. त्या रेषेवर तुम्ही रेक्झिन चिकटवलं, चामडं शिवलं, तर झाकण उघडायला उशीर होईल किंवा ते वेडंवाकडं फाटेल. जाड रंगही नको, त्याचे कपचे उडतात.

म्हणून एअरबॅगच्या झाकणाला आणि त्याच्या भोवतालच्या भागाला काहीही करू नका. स्टिअरिंगच्या मधल्या पॅडलाही. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले की ते एअरबॅगचे, ते सोडवायचं काम घरचं नाही, त्यासाठी सर्व्हिस सेंटर. खालच्या, सुट्या निघणाऱ्या पट्ट्या तेवढ्या रंगवा, तेही बॅटरी सोडून आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबून.

आणखी एक. आपल्याकडे गणपतीची मूर्ती डॅशबोर्डवर हमखास चिकटवतात, आणि पुष्कळदा ती नेमकी डाव्या बाजूला, एअरबॅगच्या झाकणावर असते. श्रद्धा आहे, माझीही आहे. पण बॅग फुटली तर ती मूर्ती शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते. मूर्ती मध्यभागी, झाकणापासून दूर सरकवा. तिथे जागा नसेल तर छोटी तसबीर लावा. आज संध्याकाळीच करा, रंग नंतर बघू.

नाशिक_हॅचबॅक

आमची मूर्ती अगदी तिथेच आहे. उद्यावर ढकलत नाही, आत्ताच काढून घेतो. चामड्याचा बेत रद्द.

सोलापूरची_८००

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितलं तसं ग्लोव्ह बॉक्सचं झाकण काढलं. पाठीमागे बाणांमध्ये पीपी आहे. साबणाने धुतल्यावर पाणी अक्षरशः दुधासारखं निघालं. तीनदा धुतलं तरी पहिल्या धुक्यात खड्डे पडलेच, मग पुन्हा सगळं पुसून अल्कोहोल घेतलं तेव्हा कुठे रंग सपाट बसला. आठवड्याने ब्लेडने चौकोन पाडून पट्टी ओढली. प्रमोटर लावलेल्या अर्ध्या भागातला एकही चौकोन हलला नाही. दुसऱ्या अर्ध्यातले जवळजवळ सगळे पट्टीवर आले. वडील शेजारीच उभे होते, त्यांनी ती पट्टी उचलून उजेडात धरून बघितली आणि पेंटरला फोन करून नको म्हणून सांगितलं.

वर्तमानपत्राचा प्रयोगही त्यांना गाडीत बसवून दाखवला. वर गडद करडा, खाली बेज, असं ठरलंय. सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा उरकली की जानेवारीअखेर काम काढतो. रंगवल्यावर किती दिवसांनी परत बसवू? आणि बसवताना काही विशेष?

पेंटशॉप_चाकण

वा! वडिलांना माझा नमस्कार सांगा. पट्टी उजेडात धरून बघणारा माणूस आमच्या क्वालिटीत शोभला असता.

हाताला दोन-तीन तासांत कोरडा लागेल, पण आतून सॉल्व्हंट निघायला वेळ लागतो. आठवडाभर सावलीत, मग दोन-चार दिवस रोज काही तास उन्हात ठेवा. घाईने बसवलात तर गाडी तापल्यावर तो वास आत कोंडतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. बसवल्यानंतरही पहिले काही दिवस उभ्या गाडीच्या काचा बोटभर खाली ठेवा. महिनाभर साबण-पॉलिश काही नको, नुसतं ओलं फडकं. आणि त्या पंपावरच्या पॉलिशची बाटली गाडीतून काढून टाका, यापुढे पाणी लावलेलं फडकंच पुरेल.

स्क्रू हाताने आवळा, ड्रिलने नको. आधी सगळे अर्धे लावून डॅशबोर्ड जागेवर सरकवून घ्या आणि मगच एकेक पूर्ण आवळा. क्लिपा अर्ध्या तरी तुटल्या असतील, नव्या आणून ठेवा. नाहीतर खराब रस्त्यावर खडखड ऐकू येईल आणि वाटेल की रंगकामातच काही बिघडलं. जिथे प्लास्टिक प्लास्टिकला घासतं तिथे आतून फेल्टची पातळ पट्टी चिकटवली तर आवाजही जातो आणि कडेचा रंगही झिजत नाही.

स्पीडोमीटरची केबल परत लावताना तिला कुठेही तीव्र वळण पडू देऊ नका. मोठ्या गोलाईत येऊ द्या, टोक सरळ बसवून हाताने फिरकी आवळा. वळण आवळ पडलं तर चाळीसच्या वेगाला काटा थरथरायला लागतो, आणि मग त्या एका केबलसाठी सगळा डॅशबोर्ड पुन्हा सोडावा लागतो. म्हणून वरचे स्क्रू आवळण्याआधी बॅटरी जोडून गल्लीत एक चक्कर मारून काटा, हॉर्न, इंडिकेटर आणि एसीचे कंट्रोल बघून घ्या.